वाळूतली खळी : ओमानमधील गोल्फ आणि ‘चेंडू पडला’ या निर्णयाचा इतिहास

खळी हेच ज्यांचे लक्ष्य असते अशा सर्व खेळांत, मग तो महाराष्ट्राच्या अंगणांतील गोट्यांचा खेळ असो वा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाढलेला गोल्फ, दोन प्रश्न आरंभापासून जोडीने येतात : खळीची कड नेमकी कोठे संपते, आणि गोटी किंवा चेंडू त्या कडेच्या आत गेला असे केव्हा मानायचे. बहुतेक वेळा चेंडू एकतर स्पष्टपणे आत पडतो किंवा स्पष्टपणे बाहेर राहतो, आणि त्यामुळे हे प्रश्न किरकोळ वाटतात. परंतु जेव्हा तो कडेवर रेंगाळतो, मध्ये उभ्या केलेल्या काठीला टेकून अर्धवट लोंबकळतो किंवा कड ढासळल्यामुळे उशिरा आत घसरतो, तेव्हा केवळ डोळ्यांनी पाहून निवाडा होत नाही आणि आधीच ठरवून ठेवलेल्या व्याख्येची गरज भासते. टाचेने माती कोरून केलेल्या गलीपाशी, म्हणजे गोट्यांसाठी केलेल्या लहान खळीपाशी, मुलांमध्ये होणारी हुज्जत आणि मोठ्या स्पर्धेत पंचांपुढे गेलेला वाद यांचे मूळ या दृष्टीने एकच आहे.

या प्रश्नाचा इतिहास लिहिताना सामान्यतः हिरवळीवरचा गोल्फच गृहीत धरला जातो, कारण नियमांची भाषा हिरवळीवर घडली. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओमानमध्ये, जेथे गवत उगवण्यासारखे पाणी नव्हते, तेलाने बांधलेल्या वाळूवर हा खेळ अनेक वर्षे खेळला गेला, आणि तेथे खळी, तिची कड व तिच्या भोवतीची जमीन या तिन्ही गोष्टी दररोज नव्याने घडवाव्या लागत. त्यामुळे चेंडू केव्हा ‘पडला’ मानायचा या प्रश्नाचे जे अंग हिरवळीवर झाकलेले राहते ते ओमानच्या वाळूत उघडे पडते, ते म्हणजे अशा निर्णयाला आधार देणारी जमीन कोणीतरी आधी सारखी केलेली असावी लागते. या निबंधाचा विषय तोच आहे.

स्कॉटलंडमधून आलेला वारसा

गोल्फचे सर्वांत जुने उपलब्ध लेखी नियम १७४४ सालचे असून, एडिनबरोजवळच्या लीथ येथील गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी, नगरपालिकेने दिलेल्या चांदीच्या काठीसाठी होणाऱ्या स्पर्धेच्या निमित्ताने, ते तयार केले. एकूण तेरा कलमांच्या या नियमावलीत ‘चेंडू खळीत पडणे’ याची व्याख्या कोठेही नाही. मात्र खळीकडे चेंडू मारताना प्रामाणिकपणे खळीचाच रोख धरावा आणि आपल्या वाटेत नसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवर आपला चेंडू मारू नये, अशी तंबी तिच्यात दिलेली आहे. पहिल्या कलमानुसार पुढच्या खळीसाठीचा पहिला फटका आधीच्या खळीपासून एका काठीच्या अंतराच्या आतूनच मारायचा असे, आणि तो मारताना चेंडू उंचावर ठेवण्यासाठी लागणारी वाळूची लहान ढेकळी खेळाडू बहुधा त्याच खळीतून उकरून घेत. त्यामुळे दिवस सरत जाई तशी खळी खोल व रुंद होत जाई, तिची कड तुटत जाई, आणि सकाळी खेळणाऱ्याला मिळालेली खळी संध्याकाळी खेळणाऱ्याला मिळत नसे. खळीची कड ही टिकाऊ वस्तू नसून खेळाच्या ओघात झिजणारी वस्तू आहे, हे सत्य गोल्फच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेले होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या झिजेवर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात खळीचे मापच निश्चित करण्याकडे कल वाढला. मसलबरा येथील गोल्फ मंडळींनी १८२९ मध्ये खळी कापण्याचे लोखंडी यंत्र वापरात आणले, आणि १८९१ मध्ये सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट क्लबने, जो पुढे जगातील बहुतेक देशांसाठी नियम ठरवणारी संस्था झाला, सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, व्यासाची खळी प्रमाण म्हणून स्वीकारली. माप ठरल्यानंतर व्याख्याही काटेकोर होत गेली. विसाव्या शतकात दीर्घकाळ लागू असलेल्या व्याख्येनुसार, चेंडू खळीच्या परिघाच्या आत स्थिर झालेला असला आणि त्याचा संपूर्ण भाग खळीच्या ओठाच्या, म्हणजे वरच्या कडेच्या, पातळीखाली असला, तरच तो पडला असे मानले जाई. या व्याख्येत तीन अटी गुंफलेल्या आहेत : परिघ, स्थैर्य आणि पातळी, आणि या तिन्ही अटी मोजता येण्यासाठी कड अखंड आणि भोवतीची जमीन सपाट असावी लागते, हे तिच्यात न बोलता गृहीत धरलेले आहे.

नियमकर्त्यांना जमिनीच्या प्रकारांची अजिबात जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. खळीच्या आत बसवण्यात येणारे धातूचे किंवा अन्य पदार्थाचे अस्तर जमिनीच्या पातळीपेक्षा किमान एक इंच खाली असावे, म्हणजे चेंडू अस्तराच्या कडेवर आपटून उडणार नाही, असा नियम करताना त्यांनी मातीच्या स्वरूपामुळे तसे करणे शक्य नसेल तर सूट दिली. भुसभुशीत जमिनीत वरचा एक इंच उघडा ठेवला तर कड ढासळते आणि खळीचे मापच मोडते, हे या सुटीमागचे कारण होय. त्याचप्रमाणे ‘ग्रीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, खळीभोवतीच्या भागाची व्याख्या त्यांनी गवतावरून केली नाही. चेंडू जमिनीवरून घरंगळवण्यासाठी खास तयार केलेला भाग, एवढेच तिचे लक्षण सांगितले. भाषेतील ही मोकळीक वाळूच्या देशांत खेळ नेणाऱ्यांना पुढे उपयोगी पडली.

ओमान : खळ्यांचे जुने खेळ आणि तेलाचा काळ

गोल्फ येण्यापूर्वीही ओमानच्या वाळूत खेळासाठी खळ्या कोरल्या जात होत्या. ‘हवालीस’ नावाच्या पारंपरिक खेळात सामान्यतः चार रांगांत, प्रत्येक रांगेत सात, अशा लहान खळ्या जमिनीत करतात किंवा लाकडी फळीवर कोरलेल्या वापरतात, आणि त्यांत खडे किंवा बिया एकेक करून पेरत प्रतिस्पर्ध्याचे खडे जिंकतात. आफ्रिकेत व आशियात पसरलेल्या मंकला या खेळांच्या मोठ्या कुळातील हा खेळ असून, चार रांगांची पद्धत मुख्यतः पूर्व व दक्षिण आफ्रिकेत आढळत असल्यामुळे, एकोणिसाव्या शतकात ज्या झांझिबारला ओमानच्या सुलतानांनी आपली राजधानी केली होती त्या बेटाशी असलेल्या दीर्घ संबंधांची खूण या खेळात दिसते. झांझिबारमधील ‘बाओ’ हा खेळही चार रांगांचा आहे. या कुळातील खेळांत शेवटचा खडा रिकाम्या खळीत पडला की भरलेल्या खळीत, यावर डाव थांबतो की पुढे चालतो हे ठरते, आणि म्हणून खडा नेमका कोणत्या खळीत गेला याकडे समोरचा खेळाडू व भोवती जमलेले प्रेक्षक बारकाईने लक्ष ठेवतात. वाळूत खळी कोरणे, ती पुसणे आणि पुन्हा कोरणे ही क्रिया या भूमीला नवी नव्हती.

गोल्फ मात्र तेलाबरोबर आला. इराक पेट्रोलियम कंपनीच्या उपकंपनीला १९३७ मध्ये ओमानमध्ये तेलशोधाचा परवाना मिळाला, परंतु व्यापारी प्रमाणात तेल सापडायला आणखी पंचवीस वर्षे जावी लागली; यिबाल येथे १९६२ मध्ये, नातिह येथे १९६३ मध्ये आणि फहूद येथे १९६४ मध्ये साठे आढळले, आणि २७ जुलै १९६७ रोजी आज मिना अल फहल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदरातून तेलाची पहिली निर्यात झाली. त्या बंदराच्या जवळ, समुद्रात घुसलेल्या रास अल हमरा या भूशिरावर, पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहत उभारली. २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस यांनी सत्ता हाती घेतली तेव्हा संपूर्ण देशात पक्क्या रस्त्यांची लांबी अवघी काही किलोमीटर होती आणि मस्कत शहराचे दरवाजे रात्री बंद होत असत. पुढच्या दशकात बंदरे, रस्ते, रुग्णालये व शाळा यांच्या बांधकामासाठी ब्रिटन, भारत, पाकिस्तान व अन्य देशांतून अभियंते, कारागीर आणि कारकून मोठ्या संख्येने मस्कतमध्ये आले.

या नव्या वसाहतींत खेळही बाहेरूनच आले. ब्रिटिश अंमलाखालील हिंदुस्थानात गोल्फ फार पूर्वी रुजलेला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ मध्ये आणि मुंबईचा क्लब १८४२ मध्ये स्थापन झाला, तर मुंबईच्या चेंबूर भागातील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा आहे. उपखंडातील कोरड्या प्रदेशांतील छावण्यांमध्ये, जेथे उन्हाळ्यात गवत टिकवणे अशक्य होते, तेथे खळीभोवती हिरवळीऐवजी माती-वाळूचा सपाट चौथरा करण्याची पद्धत होती, आणि ‘ग्रीन’च्या जोडीला ‘ब्राउन’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. मस्कतमध्ये वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. तेव्हा रास अल हमरा येथे आणि शहराच्या पश्चिमेकडील घाला येथे जी गोल्फची मैदाने तयार झाली, ती वाळूची आणि ‘ब्राउन’चीच असणार हे उघड होते.

‘ब्राउन’ची घडण आणि कडेचा प्रश्न

‘ब्राउन’ म्हणजे चाळून घेतलेल्या बारीक वाळूत तेल मिसळून, दाबून व सपाट करून केलेला गोलाकार भाग, ज्याच्या मध्याजवळ खळी असते. तेलामुळे वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, वाऱ्याने उडत नाहीत आणि त्यांवरून चेंडू एकसारख्या गतीने घरंगळतो. गवताची पाती एका दिशेला झुकलेली असल्यामुळे हिरवळीवर चेंडू जसा किंचित वळतो तसा तो ‘ब्राउन’वर वळत नाही, आणि म्हणून नीट सारख्या केलेल्या ‘ब्राउन’वर मारलेला चेंडू हिरवळीवरच्या चेंडूपेक्षा अधिक सरळ जातो. परंतु हे सारखेपण क्षणिक असते, कारण चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पावलाने, प्रत्येक चेंडूच्या रेघेने आणि बाहेरून येऊन आदळणाऱ्या प्रत्येक फटक्याने पृष्ठभाग बिघडतो, आणि गवताप्रमाणे तो आपोआप उभा राहत नाही. म्हणून वाळूच्या मैदानांवर लांब दांड्याचा झाडू किंवा रुंद फळी ठेवलेली असते आणि तिने पृष्ठभाग खळीभोवती गोल फिरून ओढून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील मैदानांवर, ज्यांना तेथे ‘स्क्रेप’ म्हणतात, फक्त चेंडूपासून खळीपर्यंतचा एक पट्टा सारखा करण्याची रीत आहे.

‘ब्राउन’च्या बाहेरचा भागही वाळूचाच असल्यामुळे खेळाडू कृत्रिम गवताचा हातभर लांबीचा तुकडा बरोबर बाळगत आणि ठरवून दिलेल्या हद्दीत, म्हणजे खांबांनी किंवा खुणांनी दाखवलेल्या मुख्य वाटेत, चेंडू त्या तुकड्यावर ठेवून मारत, वाटेबाहेर गेलेला चेंडू मात्र पडला असेल तेथूनच, दगडांतून किंवा भुसभुशीत वाळूतून, मारावा लागे. चेंडू उचलून चटईवर ठेवण्याची मुभा मूळ नियमांत नसून स्थानिक नियमाने, म्हणजे त्या मैदानापुरत्या ठरवलेल्या पुरवणी कलमाने, दिली जाई. वाळूच्या मैदानावर एक तात्त्विक पेचही उभा राहतो : गोल्फमध्ये वाळूचा खड्डा, ज्याला ‘बंकर’ म्हणतात, हा अडथळा मानला जातो आणि तेथे वाळूला हात लावण्यावर बंधने असतात, मग सगळीच जमीन वाळूची असेल तर अडथळा कोणता आणि वाट कोणती? याचे उत्तर नियमांतील ‘खास तयार केलेला भाग’ या शब्दांत सापडते, कारण बंकर असो वा ‘ग्रीन’, त्यांचे वेगळेपण पदार्थात नसून माणसाने त्या जागेवर केलेल्या कामात आहे, असे नियमांची भाषाच सांगते.

चेंडू पडला की नाही या प्रश्नाला ‘ब्राउन’वर जे वळण मिळते ते याच कामाशी जोडलेले आहे. गोल्फचा चेंडू सुमारे ४२.७ मिलिमीटर व्यासाचा आणि खळी १०८ मिलिमीटरची असल्यामुळे चेंडूच्या दुपटीहून अधिक जागा खळीत असते, परंतु मध्ये निशाणाची काठी उभी असेल तर काठी आणि कड यांच्यामधल्या फटीत चेंडू अडकू शकतो. हिरवळीवर कड मुळांनी बांधलेली असते म्हणून तिची रेषा ठळक राहते; तेलाच्या वाळूत मात्र वाऱ्याने हलणारी काठी, खळीजवळ पडलेले पाऊल किंवा जोरात येऊन आदळलेला चेंडू यांपैकी कशानेही कडेचा थोडा भाग आत ढासळतो, आणि ‘ओठाची पातळी’ म्हणजे नेमकी कोणती पातळी, मूळची की ढासळलेली, असा प्रश्न निर्माण होतो. धातूचे अस्तर जमिनीच्या बरोबरीने आणले तर कड टिकते, पण मग चेंडू धातूवर आपटून उडण्याची शक्यता वाढते. अस्तर खाली बसवले तर उडण्याचा धोका टळतो, पण कड ढासळते. मातीच्या स्वरूपामुळे अस्तर वर घेण्याची जी सूट नियमकर्त्यांनी दिली होती तिचा खरा अर्थ अशा ठिकाणी कळतो.

वेळेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. चेंडूचा काही भाग खळीच्या कडेवर लोंबकळत असेल, तर खेळाडूने खळीपर्यंत चालत जाण्यास लागणारा रास्त वेळ आणि त्यानंतर दहा सेकंद वाट पाहावी, तेवढ्यात चेंडू आत पडला तर आधीच्याच फटक्यात तो पडला असे धरावे, आणि त्यानंतर पडला तर चेंडू खळीत गेला असे मानूनही एक फटका दंड जोडावा, असा नियम आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एका व्यावसायिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचे खेळाडू किम सी-वू यांचा कडेवरचा चेंडू सुमारे मिनिटभराने आत पडला आणि त्यांना या नियमानुसार एक फटका अधिक मोजावा लागला. हिरवळीवर असा उशीर गवताच्या एखाद्या पात्यामुळे होतो. वाळूवर तो कण सुटत जाण्यामुळे होतो, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या वजनाने कण सुटले की चेंडू आपणहून पडला की पाडला गेला, हे सांगणे कठीण होते. म्हणून खळीपासून दूर उभे राहणे, काठी हळुवार काढणे आणि कड तुटली तर ती बोटांनी पूर्ववत करणे हे शिष्टाचार तेथे केवळ सौजन्य म्हणून राहत नाहीत. निर्णयाची शक्यताच त्यांवर अवलंबून असते.

वाळूचे ‘ब्राउन’ ही केवळ वाळवंटी देशांची तडजोड होती असे समजणेही चुकीचे ठरेल. अमेरिकेतील पाइनहर्स्ट येथील जगप्रसिद्ध दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर १९३५ पर्यंत वाळूचेच चौथरे होते, आणि १९३६ च्या मोठ्या स्पर्धेच्या तयारीत डॉनल्ड रॉस यांनी ते गवताचे केले. ओमानच्या मैदानांनी चालवलेली परंपरा अशा प्रकारे गोल्फच्या मुख्य प्रवाहातूनच आलेली होती, फक्त हवामानामुळे ती तेथे अधिक काळ टिकली.

साखळ्यांची टोपली : त्याच वादाचे दुसरे रूप

खळी जमिनीतून वर उचलली तर वाद संपेल काय, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात मिळाले. फेकून खेळायची प्लास्टिकची तबकडी, जी १९५७ पासून ‘फ्रिस्बी’ या नावाने विकली गेली, ठरलेल्या लक्ष्याकडे कमीत कमी फेकींत पोहोचवण्याचा खेळ ‘डिस्क गोल्फ’ म्हणून ओळखला जातो. या खेळाच्या आरंभीच्या काळात झाड, दिव्याचा खांब किंवा उभी केलेली काठी हेच लक्ष्य असे, आणि तबकडी त्याला लागली की निसटून गेली यावर खेळाडूंमध्ये सतत वाद होत. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ मध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान आखणारे एड हेड्रिक यांनी या वादावर तोडगा म्हणून खांबाभोवती लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्याखाली टोपली अशी रचना केली, जिच्या एकस्वाधिकाराला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. १९७६ मध्ये त्यांनीच या खेळाची व्यावसायिक संघटना स्थापन केली. साखळ्या तबकडीची गती मारतात, टोपली तिला झेलते, आणि साखळ्यांचा आवाज दूरवरच्या खेळाडूलाही ऐकू जातो. ‘लागली का’ या प्रश्नाच्या जागी ‘राहिली का’ हा प्रश्न आणण्याचे श्रेय या रचनेला आहे.

तरीही वाद संपला नाही, तो कडेवरून आधाराकडे सरकला. टोपलीच्या वरच्या बाजूला, साखळ्या अडकवलेल्या चौकटीवर, तबकडी पडून राहिली तर ती मोजली जात नाही. साखळ्यांना लागून बाहेर उडालेली तबकडीही मोजली जात नाही. मात्र टोपलीच्या बाजूच्या जाळीत बाहेरून रुतून बसलेल्या तबकडीचे काय करायचे, यावर मते विभागली. पूर्वीच्या नियमांत तबकडी कोणत्या वाटेने आत शिरली, म्हणजे टोपलीच्या कडेच्या वरून आणि साखळ्यांच्या चौकटीखालून शिरली का, हे पाहिले जाई आणि सहखेळाडूंची साक्ष महत्त्वाची ठरे. नंतरच्या सुधारणांत वाटेपेक्षा शेवटी तबकडी कशाच्या आधाराने स्थिरावली, टोपली व साखळ्या यांच्या की अन्य कशाच्या, यावर भर देण्यात आला. या बदलामागे एक व्यावहारिक शहाणपण आहे : वाट पाहण्यासाठी त्या क्षणी तेथे डोळे असावे लागतात, तर आधार नंतर चालत जाऊनही तपासता येतो.

गोल्फनेही याच दिशेने पाऊल टाकले. २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार निशाणाच्या काठीला टेकून राहिलेल्या चेंडूचा कोणताही भाग खळीत पृष्ठभागाच्या खाली असेल तर तो पडला असे मानले जाते. पूर्वी अशा वेळी काठी काळजीपूर्वक काढून चेंडू आत घसरतो का ते पाहावे लागे. काठी हलवताना कड ढासळण्याची ‘ब्राउन’वरची जी जुनी भीती होती, ती या सुधारणेने बऱ्याच अंशी अनाठायी ठरवली असती, परंतु ही सुधारणा येईपर्यंत ओमानमध्ये वाळूचा काळ सरत आला होता.

मराठी वाचकाला या प्रवासाचे साधर्म्य आपल्या खेळांच्या इतिहासात दिसेल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम लेखी स्वरूपात आणले, त्याआधी तो गावोगाव वेगवेगळ्या संकेतांनी खेळला जात होता, आणि खो नीट दिला गेला की नाही यासारखे प्रश्न त्या त्या मैदानावरच्या जाणत्यांवर सोपवलेले होते. गोट्यांचा खेळ अशा संस्थात्मक बांधणीत कधीच पूर्णपणे आला नाही, त्यामुळे गलीच्या कडेवर थांबलेल्या गोटीचा निर्णय आजही त्या अंगणातल्या मुलांच्या एकमतावर अवलंबून असतो. लेखी नियम आणि स्थानिक संकेत यांचे हे नाते ओमानच्या मैदानांवरही होते : ग्रंथ स्कॉटलंडचा होता, पण चटई, झाडू आणि तेलाची वाळू यांच्याविषयीची पुरवणी मस्कतमध्ये लिहिली गेली.

हिरवळीचे आगमन

ओमानमधील खेळांचे रूप पाण्याने बदलले. मस्कतजवळच्या घुब्रा येथे समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून टाकणारा प्रकल्प १९७६ मध्ये सुरू झाला, शहर वाढत गेले तसे शुद्ध केलेले सांडपाणीही बागांसाठी उपलब्ध होऊ लागले, आणि खारे पाणी सोसणाऱ्या पॅस्पॅलम गवताच्या जातींमुळे आखातात हिरवी मैदाने राखणे शक्य झाले. २००९ मध्ये मस्कत हिल्स हे गवताचे मोठे मैदान खुले झाले, २०१२ मध्ये ग्रेग नॉर्मन यांनी आखलेले अल मौज हे समुद्रकाठचे मैदान तयार झाले, आणि त्याच अल मौजवर २०१८ मध्ये युरोपीय व्यावसायिक मालिकेतील ओमान ओपन ही स्पर्धा प्रथमच भरून नेदरलँड्सचे योस्ट लायटन विजयी झाले. रास अल हमरा आणि घाला येथील जुनी मैदानेही गवताखाली आली.

क्रिकेटचाही असाच प्रवास येथे झाला, आणि त्यात भारतीयांचा वाटा मोठा होता. मस्कतमधील जुन्या गुजराती व्यापारी घराण्यातील कनकसी खीमजी यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये क्रिकेटची संघटना उभी राहिली, आणि वाळूच्या मैदानात मधोमध सिमेंटची किंवा चटईची खेळपट्टी अशा परिस्थितीत नोकरदारांचे संघ वर्षानुवर्षे शुक्रवारी खेळत राहिले. पुढे अल अमिरात येथे गवताचे मैदान झाले, आणि १७ ऑक्टोबर २०२१ रोजी ट्वेंटी-२० विश्वचषकाचा पहिला सामना, ज्यात ओमानने पापुआ न्यू गिनीला दहा गडी राखून हरवले, त्याच मैदानावर झाला. वाळूवर खेळलेल्या पिढीच्या कष्टांचे हे फळ होते.

हिरवळ आल्याने खेळ सुखकर झाला आणि ओमानचे नाव जगाच्या नकाशावर ठळक झाले, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्याबरोबर तेलाच्या वाळूचे प्रमाण, झाडू फिरवण्याची दिशा, अस्तर किती खाली बसवायचे याचा अंदाज आणि कड ढासळल्यावर काय करायचे यासंबंधीचे स्थानिक नियम हे सारे व्यवहारज्ञान वापरातून गेले. गुणपत्रिकांच्या मागे छापलेली पुरवणी कलमे, क्लबांच्या सूचनाफलकांवरील कागद आणि ‘ब्राउन’ सांभाळणाऱ्या कामगारांची, ज्यांत उपखंडातून आलेले लोक मोठ्या संख्येने होते, आठवण ही या इतिहासाची साधने आहेत. तेलविहिरींचे व बंदरांचे दप्तर जपले जाते त्याच आस्थेने ती जपली जाणे आवश्यक आहे, कारण नियमांचा इतिहास फक्त नियम करणाऱ्या संस्थांच्या कपाटांत नसतो, ते नियम ज्या जमिनीवर लागू करावे लागले तेथेही तो असतो.

चेंडू पडला की नाही हे ठरवणाऱ्या व्याख्या १७४४ पासून २०१९ पर्यंत अनेकदा बदलल्या. परिघ, पातळी, स्थैर्य, वेळ आणि आधार यांपैकी कधी एकावर, कधी दुसऱ्यावर भर पडला. या सर्व व्याख्यांना जे गृहीत धरावे लागले ते, म्हणजे आधीच्या खेळाडूला मिळाली तशीच खळी पुढच्या खेळाडूलाही मिळणे, ओमानच्या ‘ब्राउन’वर दररोज हातांनी घडवले जात होते. तेथे चेंडू खळीतून उचलल्यानंतर खेळाडू झाडू घेऊन कडेपासून बाहेरच्या बाजूला गोल फिरत, आपल्या व आपल्या सोबत्यांच्या पावलांचे ठसे पुसत, आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी वाळू सारखी करून मगच पुढच्या खळीकडे वळत असे. त्याच्या गुणपत्रिकेवर या फेरीची नोंद कोठेही होत नसे, तरी मागून येणाऱ्याच्या फटक्याचा न्याय तिच्यावरच उभा राहत असे.